शेरा

कांबळींनी वही दिली तेव्हा तिच्यात सहा रकाने आखलेले होते:
तारीख, वेळ, पाणी, प्राणी, संख्या, शेरा.
शेवटचा सगळ्यात अरुंद.
जेमतेम "नीट दिसला नाही" एवढं मावतं त्यात,
तेही माझं अक्षर मोठं, म्हणून समासावर चढतं.

निवतीच्या कड्यावर जांभा तापायच्या आत येऊन बसते.
दुर्बीण सरकारी, डावी काच बुरशीने अंधुक,
म्हणून उजव्यानेच बघते
आणि डावा मिटून घेते, बंदूक धरल्यासारखा.

सहा-चाळीस. ओहोटी. काकण, दोन.
सुरूच्या शेंड्यावर त्यांचं जुनं घरटं, दर वर्षी थोडं जाड होणारं.
खाली समुद्रसापाचे मणके पडलेले असतात
बांगड्याच्या काट्यांत मिसळून,
कुणाची तरी माळ तुटल्यासारखे.
नर उतरला की दोघं ओरडतात बदकासारखी;
एवढ्या मोठ्या पक्ष्याला तो आवाज शोभत नाही.
(हे कुठल्या रकान्यात?)

सात-दहा. खालच्या खडपावर करडा बगळा.
लाट फुटते, तो पूर्ण दिसेनासा होतो,
पाणी उतरतं, तो तिथेच.
फक्त पाय बदललेला.

येताना खाडीच्या तोंडाशी वाळूत ठसे होते,
पाच बोटांचे, मध्ये शेपूट घासत गेल्याची रेघ.
हूद. संख्या तीन.
एक अर्ध्यावरून परत फिरला असेल तर दोन.
सासू म्हणते, "जाळी फाडणाऱ्या त्या रांडेक कसला मोजतंस?
ती आमचे मासे मोजता काय?"
मागच्या महिन्यात मी "बिबट्या, समुद्रकिनारी" लिहिलं
तर कांबळींनी हिरव्या शाईत प्रश्नचिन्ह काढलं.
त्यांनी यायला हवं होतं पहाटे:
ओल्या वाळूत पंजा, त्यात साचलेलं वाटीभर पाणी,
आणि काठावर खेकड्याने रचून ठेवलेल्या
वाळूच्या बारीक गोळ्या.

आठला फोन वाजतो. बाबल, माझा भाऊ.
बोटीत बारा माणसं नारिंगी जॅकेटांत फुगलेली,
एका पोराने ओकून झालेलं.
"गो ताय, खंय आसत?"

मी त्यांच्याकडेच बघत होते.
पाच डॉल्फिन, पाण्याच्याच रंगाच्या कुबडांचे,
सावकाश, खडकाच्या सावलीला धरून,
आणि आईच्या कुशीला चिकटलेलं एक पिल्लू.
परवा चार बोटींनी घेरा घातला तेव्हा
हेच चुकलं होतं.
पाऊण तास आई एकटी फिरत होती,
मी ते मिनिटांत लिहिलंय.

"आज कायच नाय रे," म्हटलं. "पाणी गढूळ."

पाणी असं होतं की वरून तळाचे दगड मोजावेत.
आणि गढूळ पाणी कशाला म्हणतात
हे मला त्यानेच शिकवलेलं,
मी आठ वर्षांची, तो सहाचा, होडीत उपडे पडून.

थोडा वेळ नुसतं इंजिन ऐकू आलं.
मग "बरां," म्हणाला.
आणि इंजिन बंद केलं.
फिरला नाही, मागे गेला नाही,
बोट नुसती सोडून दिली पाण्यावर
सोललेल्या नारळाच्या सोडणासारखी.

मी श्वास धरून बसले.
ती पाचही वळली.
कुणी न बोलावता, कुणी पाठी न लागता
खडकाची सावली सोडून सरळ बोटीकडे,
पिल्लू पुढे!
बोटीखालून गेलं, पलीकडे वर आलं,
फुस्स करून श्वास सोडला,
ओकलेला पोरगा उभा राहिला.
कुणी ओरडलं नाही. इतक्या लांबूनही ते कळतं.

बाबलने कड्याकडे मान वर केली.
हात केला नाही.
टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

आठ-पंचवीस. डॉल्फिन, सहा, पिल्लासकट.
पेन शेऱ्यावर बराच वेळ थांबलं.
मग लिहिलं, जमेल तेवढ्या बारीक अक्षरात:
पाणी स्वच्छ.